हॉटेलच्या दालनातून रंगभवनाकडे : मुंबईतील जॅझ मंडळ आणि सार्वजनिक मैफलीचा इतिहास

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना बहुधा कलावंत, घराणी, रचना आणि शैली यांचा विचार केला जातो. ज्या जागेत ते संगीत ऐकले जाते ती जागा, ती उभी करणारी संस्था आणि तेथे जमणारा श्रोतृवर्ग यांची नोंद तुलनेने कमी घेतली जाते. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात मात्र अशा संस्थांचे स्थान मोठे आहे. १८७४ चा पूना गायन समाज, १८८३ मध्ये कोल्हापुरात उदयास आलेला गायन समाज देवल क्लब, १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी पुण्यात स्थापन केलेला भारत गायन समाज आणि १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव ही त्याची ठळक उदाहरणे होत. दरबार व खाजगी दिवाणखाने यांतून अभिजात संगीत सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले, त्यामागे अशा संस्थांचे आणि वर्गणीदार सभासदांचे श्रम आहेत.

मुंबईतील जॅझ संगीताकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. ‘इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांचे संगीत’ असा त्याच्यावर शिक्का बसला आणि मराठीतील सांस्कृतिक इतिहासलेखनाने त्याची फारशी दखल घेतली नाही. इंग्रजीत नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथाने मुंबईच्या जॅझयुगाचा सविस्तर परिचय करून दिला. प्रस्तुत निबंधाचा रोख मात्र एका मर्यादित प्रश्नावर आहे. हॉटेलच्या नृत्यदालनात वाजणारे हे संगीत नागरिकांच्या खुल्या मैफलीपर्यंत कसे आले आणि ती मैफल पुढे का टिकू शकली नाही, हा तो प्रश्न होय.

हॉटेलचा आश्रय आणि त्याच्या मर्यादा

१९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहरात जॅझला प्रतिष्ठा लाभली. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही येथे वादन केले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले व १९४५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. स्वदेशात वर्णभेदाचे चटके सोसलेल्या या कलावंतांना वासाहतिक मुंबईत मान मिळाला. परंतु ज्या दालनात ते वाजवीत, त्याची दारे सामान्य मुंबईकरांसाठी उघडी नव्हती. उंची पोशाख, भोजनाचा खर्च आणि नृत्याची परिपाठी यांनी श्रोत्यांची निवड आधीच केलेली असे.

या वाद्यवृंदांचे वेळापत्रकही राज्यकर्त्यांच्या जीवनक्रमाशी बांधलेले होते. हिवाळ्यात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि उन्हाळ्यात मसुरी, सिमला यांसारखी थंड हवेची ठिकाणे, असा हॉटेलांतील वादकांचा प्रवास चाले. अर्थात जॅझचा ‘उन्हाळी हंगाम’ भारतात होता. परंतु तो डोंगरावर गेलेल्या वरिष्ठ वर्गासाठी होता.

या व्यवसायाचा कणा गोमंतकीय वादक होते. गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि वाद्यवादन यांचे शिक्षण मिळे. त्या बळावर अनेक तरुण मुंबईत आले. हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून प्रसिद्धी पावले. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या वादकांची व संगीतकारांची पिढीच या काळात मुंबईत स्थिरावली.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या उत्पन्नाला धक्का बसला आणि मोठे वाद्यवृंद पोसणे कठीण झाले. वादकांना पोटासाठी दुसरी वाट शोधावी लागली. ती वाट हिंदी चित्रपटसृष्टीने दिली. मूळचे अहमदनगर जिल्ह्यातील संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट यांचे साहाय्य घेतले. त्या चित्रपटातील संगीतात जॅझची व लॅटिन अमेरिकी तालांची छाया स्पष्ट ऐकू येते. मराठी संगीतकाराची चाल आणि गोमंतकीय वादकाची वाद्ययोजना यांचा हा मेळ लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचला. परंतु पडद्यावरील श्रेयनामावलीत बहुसंख्य वादकांना स्थान नव्हते. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत, उदाहरणार्थ ॲस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’मध्ये, संध्याकाळी जॅझ वाजत राहिले खरे. तथापि तेथेही ग्राहक आधी भोजनासाठी येई, संगीत त्याच्या सोबतीला असे. वादकांना काम होते, परंतु त्यांना ऐकण्यासाठीच जमलेला श्रोता नव्हता.

परदेशी प्रतिरूप : उन्हाळी जॅझ महोत्सव

याच काळात अमेरिका आणि युरोप येथे जॅझचे स्थान बदलत होते. जुलै १९५४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या सागरतीरावरील गावात लोरिलार्ड दांपत्याच्या पाठबळाने व जॉर्ज वीन यांच्या संयोजनाने खुल्या आकाशाखाली जॅझ महोत्सव भरला. नॉर्वेतील मोल्डे (१९६१) आणि स्वित्झर्लंडमधील माँत्रो (१९६७) येथील महोत्सवांनी ही प्रथा युरोपात रुजविली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पियानोवादक बिली टेलर आणि डॅफ्नी अर्नस्टीन यांनी १९६४ मध्ये ‘जॅझमोबाइल’ ही संस्था सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी फिरत्या मंचावरून वस्तीतील रस्त्यांवर विनामूल्य मैफली करणे हा तिचा उपक्रम होता. न्यूपोर्टमध्ये श्रोता महोत्सवाकडे जाई. हार्लेममध्ये मैफल श्रोत्याच्या दारी येई. दोन्ही ठिकाणी नृत्य व मद्यपान यांपासून वेगळे होऊन जॅझ हे लक्षपूर्वक ऐकण्याचे संगीत म्हणून समाजासमोर आले.

भारतात जॅझचे सार्वजनिक कार्यक्रम प्रथम परराष्ट्रीय राजनयाच्या मार्गाने आले. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने डेव्ह ब्रुबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) यांनी भारताचा दौरा केला. मुंबईत ब्रुबेक यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादन केले. अशा भेटींनी औत्सुक्य निर्माण झाले, परंतु पाहुणे परत गेले की मंच रिकामा होई. स्थानिक श्रोत्यांना एकत्र ठेवणारी कायमस्वरूपी संस्था नव्हती.

‘जॅझ इंडिया’ आणि जॅझ यात्रा

ही उणीव मुंबईतील रसिकांच्या मंडळाने भरून काढली. त्यातील प्रमुख नाव निरंजन झवेरी यांचे होय. १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘ब्लू ऱ्हिदम’ या जॅझविषयक नियतकालिकाच्या संपादनात त्यांचा सहभाग होता. नियतकालिक अल्पजीवी ठरले, परंतु त्याभोवती जमलेला रसिकांचा गट विखुरला नाही. पुढे १९७० च्या दशकात ‘जॅझ इंडिया’ ही संस्था आकारास आली आणि १९७८ मध्ये तिने मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरविली.

‘यात्रा’ हा शब्द येथे लक्षणीय आहे. महोत्सव, परिषद किंवा संमेलन यांऐवजी संस्थेने ज्या शब्दात गाव, देव, बाजार आणि गर्दी एकत्र येतात तो शब्द निवडला. यात्रेला निमंत्रणपत्रिका लागत नाही. हॉटेलच्या पोशाखी शिष्टाचारापासून दूर जाण्याचा हेतू या नावातच सूचित होतो.

यात्रेचे स्थळही या हेतूशी सुसंगत होते. धोबीतलाव येथील सेंट झेवियर्स महाविद्यालयालगतचे रंगभवन हे खुले प्रेक्षागृह होते. रेल्वे स्थानकांपासून ते पायी चालण्याच्या अंतरावर असल्याने उपनगरातील विद्यार्थी, कारकून, शिक्षक यांनाही तिकीट काढून येणे शक्य होते. पश्चिमेतील खुला महोत्सव उन्हाळ्यात भरतो, कारण तेथे उघड्यावर बसण्याचा तोच ऋतू. मुंबईत मात्र उन्हाळ्याचा उकाडा व त्यानंतरचा पाऊस यांमुळे तो संकेत जसाच्या तसा स्वीकारणे शक्य नव्हते. जॅझ यात्रेने हिवाळ्याचा शेवट निवडला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ज्या संगीतहंगामात भरतो त्याच हंगामात जॅझही येऊन बसले. मांडवाखाली किंवा आकाशाखाली सलग काही रात्री संगीत ऐकण्याची सवय या प्रदेशाला नवी नव्हती.

पहिल्या यात्रेत सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचे वादन झाले. रोलिन्स यांना मुंबई अपरिचित नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही महिने ते पवई येथील स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले होते. साधनेसाठी एकटे आलेले रोलिन्स सुमारे दहा वर्षांनी त्याच शहरात हजारोंसमोर उभे राहिले.

प्रारंभी दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या यात्रेचे महत्त्व केवळ परदेशी पाहुण्यांपुरते नव्हते. जॅझ आणि रागसंगीत यांत आधारस्वरांच्या चौकटीत राहून जागच्या जागी विस्तार करण्याची रीत समान आहे; या साम्याकडे झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने लक्ष वेधले. गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस, दार्जिलिंगहून कलकत्त्यामार्गे मुंबईत आलेले पियानोवादक लुई बँक्स आणि बंगळूरच्या कर्नाटक संगीताच्या गायिका आर. ए. रामामणी यांनी एकत्र येऊन केलेले प्रयोग या वातावरणात वाढले व युरोपातील मंचांपर्यंत गेले. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात निनावी राहिलेल्या वादकपरंपरेचे वारस आता स्वतःच्या नावाने मंचावर बसले, ही या मंडळाची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल.

अर्थात या यशाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मंडळाचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत राहिला. मराठी वृत्तपत्रे, महाविद्यालयांची मराठी मंडळे आणि गिरगाव, दादर येथील संगीतप्रेमी संस्था यांच्याशी त्याचा दृढ संबंध जुळल्याचे दिसत नाही. पूना गायन समाज किंवा देवल क्लब यांनी श्रोत्यांबरोबर विद्यार्थीही घडविले. जॅझ मंडळाचा भर मैफलीवर राहिला. यात्रा मोठी झाली, परंतु दोन यात्रांच्या मधल्या काळात वस्तीवस्तीत वाजणारे, हार्लेमच्या फिरत्या मंचासारखे लहान जॅझ मुंबईत व्यापक प्रमाणावर रुजले नाही.

रंगभवनाचे मौन

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरला, तसेच रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धकास मनाई झाली. रंगभवनाच्या एका बाजूस महाविद्यालय आणि निकटच कामा रुग्णालय. परिणामी २००३ च्या सुमारास तेथील मैफली थांबल्या. १९८६ पासून येथे भरणाऱ्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या तरुणांच्या महोत्सवालाही दुसरी जागा शोधावी लागली. त्याच नियमांमुळे सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींनाही मुरड पडली.

या घटनेत कायद्याला दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य ठरणार नाही. प्रसूत स्त्रीचा आणि आजारी माणसाचा शांततेवरील हक्क मैफलीच्या हक्काहून कमी नाही. खरा प्रश्न पर्यायाचा आहे. एक खुले रंगमंच बंद करताना त्याच मोलाचे, रेल्वेने पोहोचता येईल असे आणि परवडणाऱ्या भाड्याचे दुसरे रंगमंच शहराने उभे केले नाही. सवाई गंधर्व महोत्सवाने वेळापत्रक बदलले आणि तो टिकला, कारण त्याच्या पाठीशी अनेक दशकांचा वर्गणीदार श्रोता, शिष्यपरंपरा आणि मराठी समाजाचे ममत्व होते. जॅझ यात्रेच्या पाठीशी एक स्थळ आणि मोजके धडपडे कार्यकर्ते होते. स्थळ गेल्यावर यात्रेचा आधारच खचला.

त्यानंतर मुंबईतील जॅझ पुन्हा छताखाली गेले. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रासारख्या सभागृहांतून व खाजगी क्लबांतून त्याचे कार्यक्रम होत राहिले. २०११ मध्ये युनेस्कोने ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन घोषित केला आणि २०१२ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. मुंबईत हा दिवस ऐन उन्हाळ्यात येतो. वासाहतिक काळात ज्या ऋतूत वादक डोंगराकडे निघून जात, त्या ऋतूत आता शहरातच जॅझसाठी एक दिवस राखला जातो. हा बदल लहान असला तरी दखलपात्र आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, हॉटेल आणि चित्रपट यांनी मुंबईतील जॅझवादकांना उपजीविका दिली, तर त्यांना नाव आणि श्रोता मिळवून देण्यात स्वयंसेवी मंडळाचा वाटा निर्णायक ठरला. दुसरी, पश्चिमेतील उन्हाळी महोत्सवाचे प्रतिरूप येथील ऋतूशी, नावाशी आणि श्रवणाच्या सवयीशी जुळवून घेतल्यामुळेच ते काही काळ येथे रुजले. म्हणून ‘जॅझ इंडिया’ची नोंद महाराष्ट्रातील संगीत मंडळांच्या इतिहासातच व्हावयास हवी. तिसरी, शिक्षण आणि स्थानिक भाषा यांची जोड नसलेली मैफल एका जागेच्या आधारावर फार काळ उभी राहू शकत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने तिसरी बाब विशेष विचारणीय आहे. रंगभवन एका महाविद्यालयाच्या भिंतीला लागून होते. भिंतीपलीकडे जगातील थोर वादक येऊन गेले. भिंतीच्या अलीकडे, म्हणजे मुंबई आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत, त्या संगीताला आणि ते जगविणाऱ्या गोमंतकीय वादकांना फारसे स्थान मिळाले नाही. त्या पिढीतील अनेक वादक आज हयात नाहीत. त्यांच्या वाद्यांच्या, स्वरलेखनाच्या वह्यांच्या आणि आठवणींच्या जतनाचे काम स्थानिक इतिहासाचा प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. रंगभवनाच्या मंचावरून जे ऐकू येत होते त्याचा काही अंश तरी त्या कामातून पुढील पिढीच्या कानी पडेल.