जुन्या शहरांची छापील चित्रे

लाखांदूरकडच्या मंडळींना नाटकाचा पडदा काही नवा नाही. धान घरात येते, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रंगमंचावर कधी रस्त्याचा पडदा सुटतो, कधी राजवाड्याचा. तो राजवाडा कोणत्या राजाचा, असे कोणी विचारीत नाही. पण एखाद्या चित्रकाराने खऱ्याच शहरात बसून खऱ्याच वाड्याचे चित्र काढले आणि ते छापून ठेवले, तर मात्र तो इतिहासाचा कागद होतो. असे जुने कागद जमवण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. त्याचा आपल्याला काय उपयोग, ते आज पाहू.

ही चित्रे छापीत कशी? आपल्या भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध आहेत. लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. तसेच तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे. दुसरी रीत अशी: पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात ठेवायचा. जिथले मेण निघाले तिथला पत्रा तेजाब खाते आणि रेघ खोल होते. मग त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून दाबायचा. कागदावर चित्र उलटे उमटते, म्हणून पत्र्यावर ते आधीच उलटे काढावे लागते. पुढे दगडावरची छपाई, म्हणजे शिळाछाप आला. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावरच. त्याच्या आधी, १८२६ साली, गोन्साल्विस नावाच्या चित्रकाराची मुंबईची दृश्ये याच रीतीने निघाली होती.

आता पुण्याची गोष्ट सांगतो. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळाही सुरू झाली. तिथे तयार झालेला गंगाराम तांबट हा आपल्या मातीतला चित्रकार. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची पुष्कळ चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. सवाई माधवराव १७९५ साली वारले, आणि वेल्सही त्याच वर्षी साष्टीत वारला.

मॅलेटला आपल्या कामगिरीचे मोठे चित्र हवे होते. टिपूविरुद्ध १७९० साली पेशव्यांशी तह झाला, त्या दरबाराचे. वेल्सची रेखाटने समोर ठेवून टॉमस डॅनियल याने १८०५ साली इंग्लंडात ते रंगवले, आणि त्यावरून चार्ल्स टर्नरने पत्र्यावर केलेले चित्र १८०७ साली छापून निघाले. शनिवारवाड्यातला दरबार, बालपेशवे, कारभारी, इंग्रज पाहुणे असे सारे त्यात दिसते. पुढे १८१७ साली पुणे इंग्रजांकडे गेले, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला मोठी आग लागली. आज आपण तिथे जातो तेव्हा तट, दरवाजे आणि जोती पाहतो. महाल नाहीत. तो दरबार डोळ्यांपुढे आणायचा, तर असल्या चित्रांचाच आधार घ्यावा लागतो.

परंतु इथेच सावध राहायला हवे. तह १७९० चा आणि वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ ला. म्हणजे तो दरबार त्याने पाहिलेलाच नाही. डॅनियलने तर चित्र इंग्लंडातच रंगवले. मग चित्र खोटे का? तसेही नाही. माणसांचे चेहरे, पोशाख आणि पुण्याचा दरबारी थाट वेल्सने स्वतः पाहिला होता. तेवढी त्याची साक्ष मोलाची. कोण कुठे बसले, कोण कसे उभे राहिले, ही मात्र मागाहून केलेली मांडणी. कोर्टात साक्षीदाराला जसे विचारतात, तसे चित्रालाही विचारावे: तू स्वतः काय पाहिलेस? ऐकीव काय? आणि तुला पैसे कोणी दिले?

दुसरे उदाहरण गोव्याचे. जर्मनीत कोलोन शहरी १५७२ साली जगातल्या शहरांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ निघू लागला. त्यात गोव्याचेही चित्र आहे. त्यावर पोर्तुगीजांनी गोवे घेतल्याचे साल १५०९ छापले आहे. खरे साल १५१०. छापले म्हणजे खरे, असे मानू नये, हा धडा त्या जुन्या कागदावरच लिहिलेला आहे. आणि तरीही मुंबईची वेल्सने काढलेली १२ दृश्ये पाहा. मलबार टेकडीवरून, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारी माडांची, खाड्यांची ती बेटे भराव घालून केव्हाच एक झाली. मुंबईचा तटही १८६० नंतरच्या दशकात पाडला. गेलेला मुलूख कागदावर उरला.

तुम्ही म्हणाल, ही चित्रे महाग, आम्हांला कुठली मिळायची? अस्सल प्रत मिळालीच तर भिंगातून पाहावी. पत्र्यावरच्या छापाला रेघा दिसतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. आजच्या छपाईत बारीक ठिपके दिसतात. रंगाला भुलू नये, कारण तो पुष्कळदा मागाहून भरलेला असतो. चित्रांसाठी जुने पुस्तक फाडणे हे तर पापच.

पण संग्रह म्हणजे महाग वस्तूच हव्यात असे नाही. आपल्या जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनीसारखे पुरातन नगर आहे. तिथे १९६९-७० साली उत्खनन होऊन बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. तिथला तट, घाट, देवळे शाळेच्या मुलांनी पाहून रेखाटावीत. घरातली जुनी छायाचित्रे, पोस्टकार्डे, जत्रेची पत्रके, गावाचे नकाशे जमवावेत. मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: जागा कोणती, साल कोणते, कोणाकडून मिळाले. चिकटपट्टी लावू नये. ऊन, ओल आणि वाळवी यांपासून कागद जपावा.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे. पुण्याचा दरबार आपल्यापर्यंत आला, कारण कोणीतरी वेळीच तो कागदावर उतरवून ठेवला. आपल्या गावचा पार, घाट, कौलारू शाळा यांनाही कोणीतरी हवेच. जे उद्या पडणार आहे, ते आजच रेखाटून ठेवावे. आणि पाहिले तेवढेच रेखाटावे.