सोयाबीनमधलं तण : फवारणीच्या आधी मोजणी कशी करायची?

पेरणी होऊन पंधरा दिवस झाले की कृषी केंद्रापुढे गर्दी सुरू होते. "तण लई झालं, काहीतरी द्या," एवढंच आपण सांगतो. कोणतं तण, किती, वावराच्या कोणत्या भागात, हे दुकानदार विचारत नाही आणि आपल्यालाही माहीत नसतं. मागे एका खरिपात मी असंच क्विझालोफॉप आणून सगळ्या वावरात मारलं. गवत पिवळं पडलं, पण केना आणि दुधी जशीच्या तशी उभी! शेवटी मजूर लावून निंदण करावंच लागलं. औषधाचा दोष नव्हता. ते फक्त गवतवर्गीय तणावर चालतं आणि माझ्या वावरात गवत कमी, केनाच जास्त होता.

तणाचे ढोबळ तीन गट आहेत. पहिला गवतवर्गीय, जसे हरळी, शिप्पी. दुसरा लव्हाळ्याचा, म्हणजे मोथा. तिसरा रुंद पानाचा, जसे दुधी, कुंजरू, माठ, घोळ, गाजर गवत. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नाही. दांडा बोटात फिरवून पाहा, तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. केन्याचीही अशीच फसगत होते. त्याची मोजणी रुंद पानाच्या गटातच धरतात. ओळख पटत नसेल तर घरच्या बायांना विचारा. कुंजरू, केना, घोळ, माठ यांची भाजी त्याच करतात, त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते.

आता मोजणी. वीस इंची चार बांबूच्या काड्या बांधून चौकट करा. ती साधारण पाव चौरस मीटरची होते. पेरणीनंतर १५ दिवसांच्या आसपास, तण २ ते ४ पानांवर असताना वावरात जा. धुऱ्यापासून पाच-सहा पावलं आत शिरा, कारण धुऱ्याचं तण वेगळं असतं, त्याची नोंद वेगळी ठेवायची. मग सरळ न चालता नागमोडी चाला, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, चार तिरक्या रेषांत. प्रत्येक रेषेत पाच ठिकाणी चौकट टाका. किती पावलांनी टाकायची ते आधीच ठरवा, नाहीतर डोळा आपसूक दाट तणाकडे जातो. चौकटीत कोणतं तण किती, ते वहीत लिहा आणि वरून मोबाईलवर फोटो काढा. एकरभराला तास-दीड तास लागतो.

वीस चौकटी म्हणजे पाच चौरस मीटर. समजा लव्हाळ्याची एकूण ६० रोपं मिळाली. सरासरी निघते चौरस मीटरला १२. पण वही नीट पाहिली तर ती साठही रोपं फक्त चारच चौकटींत आहेत. म्हणजे तिथे चौरस मीटरला ६० आणि बाकी वावरात शून्य. म्हणून नुसती सरासरी काढू नका, वीसपैकी किती चौकटींत तण आलं हेही लिहा. तण वावरभर सारखं कधीच पसरत नाही, ते पट्ट्यांनी आणि चकत्यांनी वाढतं.

वहीत वावराचा कच्चा नकाशा काढून या चकत्या दाखवल्या की तण आलं कुठून तेही बरंच कळतं. शेणखताचा ढीग होता तिथे दाट असेल, तर बी खतातून आलं. खत नीट कुजलेलं नसलं की असं होतं. वावराच्या तोंडाशी असेल, तर ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टरसोबत आलं असावं. चकती तासांच्या दिशेने लांबत गेली असेल, तर वखर-रोटाव्हेटरनेच ते पुढे ओढलंय. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी रोटाव्हेटरने तुटतात आणि प्रत्येक गाठ नवं रोप देते. असा पट्टा असेल तर रोटाव्हेटर तिथे चालवूच नये, हे माझं मत.

केन्याचं वेगळंच. त्याचा तुटलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला की पेरातून मुळं फुटतात, शिवाय तो जमिनीखालीही फुलतो आणि बी धरतो. पावसाच्या उघाडीत, कडक ऊन असताना डवरा, आणि उपटलेला केना धुऱ्यावर न टाकता वावराबाहेर नेऊन वाळवा.

घाई एवढ्यासाठीच की सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तण सर्वात जास्त नडतं. मोजणी लांबली की तण मोठं होतं आणि औषधही नीट लागत नाही.

ही पद्धत काही माझी नाही. कृषी विद्यापीठांत तणाच्या प्रयोगात अशाच चौकटी टाकतात. जबलपूरला केंद्र सरकारची तण संशोधनाची संस्था १९८९ पासून आहे. न ओळखलेल्या तणाचा फोटो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवला तर नाव आणि औषध दोन्ही विचारता येतं. दुकानात जाताना वहीचं तेच पान सोबत न्या.

दुसरी फेरी काढणीच्या आठ-दहा दिवस आधी मारा. तेव्हा चौकटीची गरज नाही. बी धरलेली झाडं कुठे उभी आहेत तेवढं पाहायचं आणि हार्वेस्टर येण्याआधी ती हाताने उपटून पोत्यात भरायची.