वऱ्हाडच्या पांढरींतील खापरें

वर्धा नदीच्या कांठीं, अमरावती जिल्ह्यांत, कौंडिण्यपूर नांवाचें गांव आहे. रुक्मिणीचें माहेर म्हणून त्याचें नांव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. भीष्मकाची राजधानी, अंबिकेचें देऊळ आणि श्रीकृष्णाचा रथ ही कथा वऱ्हाडांत पोरासोरांनाहि मुखोद्गत असते. १९६२ ते १९६४ या काळांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं तेथील पांढरीचें उत्खनन केलें, तेव्हां भीष्मकाचा राजमुकुट कांहीं हातीं लागला नाहीं. थराथरांतून ढिगानें निघालीं तीं खापरें. पुराणांतील राजकुळाविषयीं तीं अवाक्षर बोलत नाहींत. पण ज्यांचें नांव कोणत्याहि पुराणानें घेतलें नाहीं, त्या माणसांची साक्ष तींच देतात.

खापरालाच ही योग्यता कां यावी? तांबें वितळवून पुन्हां वापरतां येतें, लोखंड गंजतें, लांकूड कुजतें. माती मात्र एकदां सुमारें ६०० अंशांच्या आंचेंतून गेली कीं तिच्या अंगांत बांधलेलें पाणी निघून जातें, आणि मग ती कितीहि भिजली तरी पुन्हां चिखल होत नाहीं. फुटकें मडकें कोणी वितळवीत नाहीं, कोणी चोरीतहि नाहीं. तें पडल्या जागीं राहतें.

याहून जुनी साक्ष चांदूर बाजार तालुक्यांतील तुळजापूर गढीची. १९८४-८५ सालीं तेथें भारतीय पुरातत्त्व खात्यानें खोदकाम केलें आणि ताम्रपाषाणयुगांतील, म्हणजे लोखंड येण्यापूर्वींच्या काळांतील, वसाहत उजेडांत आली. याच युगांतील तांबूस अंगाचीं, काळ्या नक्षीचीं, टिचकी मारली तर खणखणणारीं भांडीं पश्चिमेकडे प्रवरेच्या कांठीं जोर्वे येथें प्रथम ओळखलीं गेलीं. पुणें जिल्ह्यांतील इनामगांवीं तर त्या काळच्या घरांच्या जमिनीखालीं दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेले सांपडले, आणि त्यांत लहान लेकरांच्या अस्थि होत्या. गेलेलें मूल जिनें घराबाहेर जाऊं दिलें नाहीं, त्या माउलीच्या शोकाचा दुसरा कोणताहि लेख उरलेला नाहीं.

पुढें लोहयुग आलें. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी येथील शिलावर्तुळांत आणि कौंडिण्यपुराच्या प्राचीन थरांत काळीं-तांबडीं भांडीं मिळतात. आंतून काळीं, कांठाशीं काळीं आणि बाहेरून तांबडीं. हा रंगाचा खेळ नव्हे, वाऱ्याचा आहे. भांडें आव्यांत पालथें घातलें कीं त्याच्या पोटांत हवा शिरत नाहीं आणि तेवढा भाग काळा राहतो. बाहेरील अंगाला हवा मिळते, तें तांबडें होतें. अथेन्सच्या कुंभारांनींहि इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत हवा कमीजास्त करूनच आपलीं काळीं-तांबडीं चित्रपात्रें भाजलीं. भेद इतकाच, कीं तेथील एक्झेकियसनें आपल्या पात्रांवर आपलें नांव लिहून ठेवलें. वऱ्हाडच्या कुंभारापाशीं लिपि नव्हती.

चिनी मातीच्या चकचकीत बशीपुढें आपलें मडकें ओबडधोबड दिसतें, म्हणून त्याला मागासलेलें समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं वैशाखांत अकोल्यास चार दिवस काढावे. पारा ४५ अंशांच्या पुढें गेला कीं माठाच्या बारीक रंध्रांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें उडून जातें आणि जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. झिलई दिलेल्या भांड्याला हें साधणार नाहीं. त्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा. विहिरीचें पाणी तोंडीं धरवत नाहीं. दुरून आणलेलें गोडें पाणी ज्या रांजणांत पिढ्यान्‌पिढ्या सांठलें, त्याची किंमत त्या मुलुखांतील बायकांनाच विचारावी.

असें भांडें घडवणें सोपें नव्हे. वऱ्हाडची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण नुसती वापरली तर वाळतांना आकसते आणि तडकते. म्हणून कुंभार नदीनाल्याचा गाळ पाहून घेतो, तो मळतो, त्यांत लीद आणि राख मिसळतो. चाकावरून उतरलेलें मडकें अद्याप जाड असतें. आंतून गुंडा धरून बाहेरून थापटण्यानें ठोकीत ठोकीत तें पातळ करावें लागतें. गोरोबाकाकांनीं संतांचीं डोकीं ज्यानें पारखलीं अशी कथा आहे, तें हेंच थापटणें. माती मळण्याचें निम्मेंअधिक काम घरच्या बाईचें, तरी बलुतें कुंभाराच्याच नांवावर चढे.

तें बलुतेंहि गेलें. १८६७ सालीं आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली आणि दूरचा माल दाराशीं आला. मंगळूरी कौलांनीं हातघडीचें कवेलू हटविलें. पितळ, ॲल्युमिनियम आणि शेवटीं प्लास्टिक यांनीं चुलीपासून मोरीपर्यंतची जागा घेतली. अक्षय्य तृतीयेचें करा-केळें, नवरात्राचा घट आणि खांद्यावरून फोडावयाचें शेवटचें मडकें एवढें मात्र अजून मातीचेंच लागतें.

आणि जुनीं खापरें? गांवोगांव पांढरीची माती घरें लिंपावयास आणि शेतांत टाकावयास गाडे भरभरून नेली गेली, आणि तिच्याबरोबर थरहि गेले. थर मोडला कीं खापर हातांत राहतें, पण तें कोणत्या काळचें हें सांगणारी जागा राहत नाहीं. तुळजापूर गढीला विद्वानांची कुदळ वेळेवर लागली. ज्या टेंकाडांना ती लागली नाहीं, त्यांतील पुष्कळ मातीच्या भिंती आतां पावसानें ढासळत आहेत, आणि त्या भिंतींत अधूनमधून काळ्या-तांबड्या खापराची कड दिसते.