सौंदर्य-ब्रँड : विपणन व सर्जनशील दिग्दर्शन

सौंदर्य-ब्रँड : विपणन व सर्जनशील दिग्दर्शन. त्वचा, केस, ओठ, नखे व डोळे यांच्या प्रसाधनांना बाजारात ओळख मिळवून देणे आणि ती टिकवणे ही या दोन कामांची व्याप्ती आहे. गिऱ्हाईक कोण, किंमत किती, माल कोठे विकायचा आणि वचन कोणते द्यायचे हे विपणनात ठरते. त्या वचनाला रूप देणे हे सर्जनशील दिग्दर्शनाचे काम. नाव, बोधचिन्ह, बाटलीचा घाट, रंगसंगती, छायाचित्रे, जाहिरातीतला चेहरा, भाषा, संगीत आणि दुकानातली मांडणी हे सारे त्यात येते. दोन्ही कामे एकाच वचनाला बांधलेली असली आणि ते वचन खुद्द वस्तूत उतरलेले असले, तरच ती परिणामकारक ठरतात, असे या उद्योगाच्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीवरून दिसते.

स्वरूप

प्रसाधनाची खरी पारख विकत घेताना होत नाही. लिपस्टिकचा रंग काउंटरवर दिसतो, पण ती जेवणानंतर टिकते की नाही हे वापरल्यावरच कळते. क्रीमचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि तोवर हवामान, झोप व आहार यांचाही परिणाम त्यात मिसळलेला असतो. शिवाय अनेक ब्रँड स्वतःचे कारखाने न चालवता कंत्राटी उत्पादकांकडून माल बनवून घेतात, त्यामुळे दोन स्पर्धकांच्या घटकद्रव्यांत फारसा फरक नसण्याचीही शक्यता असते. अशा वेळी गिऱ्हाईक खुणांवरून अंदाज बांधते. वास, पोत, नळीचे वजन, वेष्टनावरची अक्षरे, मैत्रिणीचा अनुभव, विकणाऱ्या मुलीचे बोलणे या त्या खुणा होत. त्या वस्तूच्या गुणाशी जुळल्या तर विश्वास बसतो. जुळल्या नाहीत तर पहिली खरेदी होते, दुसरी होत नाही.

ऐतिहासिक आढावा

टोकियोच्या गिंझा भागात १८७२ मध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे औषधाचे दुकान म्हणून सुरू झालेल्या शिसेइदो कंपनीने दृश्यरूपाची जबाबदारी फार लवकर आपल्या घरात घेतली. संस्थापकाचे पुत्र शिंझो फुकुहारा हे स्वतः छायाचित्रकार होते. कॅमेलियाच्या फुलाचे बोधचिन्ह त्यांच्याच काळातले. १९१६ मध्ये कंपनीने आपला संकल्पन विभाग उभा केला आणि वेष्टन, भित्तिपत्रके व दुकानांची सजावट एका हाताखाली आणली. १९८० मध्ये फ्रेंच कलावंत सर्ज ल्यूतां यांच्याकडे परदेशातील प्रतिमेची सूत्रे सोपवताना कंपनीपाशी अशी अनेक दशकांची शिस्त होती.

अमेरिकेत १९३२ मध्ये नखांच्या रंगापासून सुरुवात करणाऱ्या रेव्हलॉनने ओठ व नखे एकाच छटेत रंगवण्याची कल्पना रुजवली. साहजिकच एका छटेमागे दोन वस्तू खपू लागल्या. या कंपनीची १९५२ मधील ‘फायर अँड आइस’ ही जाहिरात आजही अभ्यासली जाते. दोन पानांच्या या जाहिरातीत रिचर्ड ॲव्हडन यांनी टिपलेली डोरियन ली ही मॉडेल चमचमत्या पोशाखात, लालभडक वस्त्र पांघरून, ओठांच्याच रंगाची नखे दाखवत उभी आहे. समोरच्या पानावर १५ प्रश्नांची यादी आहे. बूट काढून कधी नाचलात का, अशा धाटणीचे हे प्रश्न लिपस्टिकविषयी चकार शब्द काढत नाहीत. वाचणारी मनातल्या मनात उत्तरे देत जाते आणि शेवटी ती छटा आपल्यासाठीच आहे असे तिला वाटते. रंगाला स्वभाव जोडण्याची ही पद्धत पुढे सगळ्या उद्योगाने उचलली.

भारतात लक्स साबणाने चित्रपट-तारकांचा मार्ग धरला. ‘कंगन’ व ‘बंधन’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांतून लोकप्रिय झालेल्या मराठी अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. चेहरे पिढीगणिक बदलत गेले, तारकेचा साबण हे वचन मात्र कायम राहिले. १९५२ मध्ये टाटा समूहाने लॅक्मे सुरू केले. नाव लिओ दलीब यांच्या फ्रेंच संगीतिकेवरून घेतले होते आणि तिच्यातल्या नायिकेचे नाव म्हणजे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप. परदेशी प्रसाधनांची आयात अवघड होती त्या काळात फ्रेंच डौल आणि भारतीय मूळ अशा दोन्ही अपेक्षा हे नाव एकदम भागवत होते. सिमोन टाटा यांनी १९६० च्या दशकापासून या ब्रँडला घडवले. १९९८ पर्यंत तो पूर्णपणे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. पुढे फॅशन वीकला आपले नाव देऊन लॅक्मेने डबीतल्या रंगाला रंगमंच मिळवून दिला.

परिणामकारकतेचे घटक

*वचन.* वचन एकच आणि अंगावर तपासून पाहता येईल असे असावे लागते. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळ येथे स्थापन केलेल्या विको कंपनीचे टर्मरिक क्रीम हे याचे ठळक उदाहरण. १९७५ च्या सुमारास हे क्रीम आले तेव्हा बाजार ‘स्नो’ आणि पावडरींनी भरलेला होता. हळद मराठी घरांतच काय, देशभर लग्नाआधी नवरीच्या अंगाला लागतच होती. तिचा गुण कोणाला पटवून द्यायची गरज नव्हती. कंपनीने ती चंदनाच्या जोडीने नळीत घातली आणि जाहिरातीत हळदीचा समारंभ दाखवला. चित्रपटगृहात सिनेमाआधी आणि नंतर दूरदर्शनवर वाजणाऱ्या तिच्या गाण्यात हे प्रसाधन नसून आयुर्वेदिक क्रीम आहे असे ठासून सांगितलेले असे. उत्पादनशुल्काच्या वर्गीकरणावरून सरकारशी झालेला कंपनीचा वाद नेमका याच मुद्द्यावर होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्रीमचे औषध म्हणून वर्गीकरण कायम राहिले. जाहिरात, वेष्टन आणि न्यायालयातील बाजू या तिन्ही ठिकाणी एकच विधान करणारा ब्रँड विरळा.

*वस्तू व छटा.* गायिका रिहाना हिच्या फेंटी ब्यूटीने सप्टेंबर २०१७ मध्ये एकाच दिवशी ४० छटांचे फाउंडेशन बाजारात आणले. त्याआधीही काही व्यावसायिक ब्रँडांकडे मोठी छटामालिका होती. बहुतेकांची रीत मात्र गोऱ्या छटा आधी आणि गडद छटा जमल्यास मागाहून अशी होती. फेंटीच्या जाहिरातीत निरनिराळ्या वर्णांचे चेहरे एकत्र होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला जुळणारी बाटली दुकानात खरोखर ठेवलेली होती. सर्वांना सामावून घेण्याची भाषा न करताच ते दिसून आले. स्पर्धकांना आपापल्या मालिका वाढवाव्या लागल्या. भारतीय त्वचेतला पिवळसर झाक असलेला गव्हाळ वर्ण लक्षात न घेता बनवलेले परदेशी फाउंडेशन चेहऱ्यावर राखाडी दिसते, ही येथील गिऱ्हाइकांची जुनी तक्रार. ती जाहिरातीने मिटत नाही, रंगद्रव्याच्या प्रमाणानेच मिटते.

*आकार व किंमत.* वेष्टन हेही विपणनच असते. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये तमिळनाडूत सुरू केलेल्या चिक शाम्पूची पुडी खेड्यांत पोचली ती एक-दोन रुपयांच्या आतल्या किमतीमुळे आणि प्रात्यक्षिकांमुळे. विक्रेते गावात एखाद्या मुलाचे डोके सगळ्यांदेखत शाम्पूने धूत आणि जमलेल्यांना केसांवरून हात फिरवून वास घ्यायला सांगत. रिकाम्या पुड्या दुकानदाराला परत केल्यावर एक भरलेली पुडी फुकट मिळे. सुरुवातीला कोणत्याही ब्रँडच्या पुड्या चालत, पुढे फक्त चिकच्याच घेतल्या जाऊ लागल्या. बाटलीसाठी पैसे नसलेल्या घराला महागडे छायाचित्र दाखवून उपयोग नव्हता. हाताला लागणारा पुरावा आणि परवडणारे माप हवे होते.

*दृश्यभाषा.* दुरून, नाव न वाचता ओळख पटणे ही दृश्यभाषेची कसोटी. निव्हियाची निळी डबी १९२५ पासून, तर कोलकात्यात १९२९ मध्ये सुरू झालेल्या बोरोलीनची हिरवी नळी व हत्तीचे चिन्ह पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही हत्तीचे क्रीम मागता येत असे. नवा दिग्दर्शक आला की बोधचिन्ह बदलण्याचा मोह होतो. अनेकदा दिग्दर्शक ब्रँडच्या रूपाला कंटाळतो तेव्हा गिऱ्हाईक कुठे त्याला सरावू लागलेले असते. याचा अर्थ रूप गोठवून ठेवावे असा नाही. रंग व चिन्ह स्थिर ठेवून छायाचित्रे, चेहरे आणि बोली काळाबरोबर बदलणे हा टिकलेल्या ब्रँडांचा प्रघात आहे.

*चेहरा.* तारका लक्ष वेधून घेते, पण ती एकाच वेळी दहा वस्तू विकत असेल तर लोकांना ती आठवते, ब्रँड आठवत नाही. चेहऱ्याचा आणि वचनाचा काही संबंध असावा लागतो. कॅनडात जन्मलेल्या मॅक या ब्रँडने १९९४ मध्ये ‘व्हिवा ग्लॅम’ लिपस्टिकसाठी रूपॉल या स्त्रीवेषधारी पुरुष कलावंताची निवड केली आणि लिपस्टिकची विक्री-रक्कम एड्सग्रस्तांच्या मदतीला दिली. रंगभूषाकारांचा, सगळ्यांसाठी खुला ब्रँड हा मॅकचा दावा त्या निवडीतून दिसला.

समाजमाध्यमे व विक्रीमार्ग

जाहिरातीचा ओघ आधी ब्रँडकडून गिऱ्हाइकाकडे वाहत असे. समाजमाध्यमांमुळे तो दोन्ही बाजूंनी वाहू लागला. एमिली वाइस यांनी न्यूयॉर्कमध्ये २०१० मध्ये सुरू केलेल्या सौंदर्यविषयक लेखनातून २०१४ मध्ये ग्लॉसिये हा ब्रँड उभा राहिला. तोंड धुण्याचे आदर्श द्रव्य कसे असावे, हे वाचकांनाच विचारून त्यांनी एक उत्पादन घडवले. मालासोबत येणारी गुलाबी, बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकची पिशवी मुली जपून ठेवू लागल्या आणि तिची छायाचित्रे टाकू लागल्या. भारतात फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या नायकाने विक्रीच्या जोडीला शिकवणीचे व्हिडिओ ठेवले. काजळ कसे ओढावे, आपली छटा कशी ओळखावी हे कळलेले गिऱ्हाईक अधिक धीटपणे खरेदी करते. बनावट मालाच्या धास्तीवरही तोडगा हवा होता, म्हणून कंपनीने ब्रँडांकडून माल स्वतः विकत घेऊन साठवण्याची पद्धत अवलंबली. पडद्यावर वास आणि पोत कळत नाहीत, त्यामुळे पुढे तिने दुकानेही काढली.

वाद व नियमन

प्रतिमा वचनापासून सुटली की ती ब्रँडवरच उलटते. डव्हने २००४ मध्ये सामान्य स्त्रियांचे चेहरे पुढे करणारी मोहीम सुरू केली. २००६ मधील ‘इव्होल्यूशन’ या लघुफितीत रंगभूषा, प्रकाशयोजना आणि संगणक यांनी एक साधा चेहरा फलकावरची सुंदरी कसा बनतो हे काही सेकंदांत दाखवले होते. मात्र त्याच वेळी डव्हची मालक कंपनी युनिलिव्हर भारतात १९७५ पासून चालत आलेले ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे क्रीमही विकत होती. सावळ्या मुलीला नोकरी किंवा स्थळ मिळत नाही आणि क्रीम लावल्यावर मिळते, असे त्या क्रीमच्या जाहिरातींचे कथानक असे. या विसंगतीवर वर्षानुवर्षे बोट ठेवले गेले. २०१७ मध्ये डव्हच्याच एका चित्रफितीत कृष्णवर्णीय स्त्री कपडा उतरवताच श्वेतवर्णीय होते असे दृश्य आले आणि ब्रँडला माफी मागावी लागली. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले तरी डबीतल्या वस्तूचे वचन कितपत बदलले, हा प्रश्न टीकाकारांनी लगेच विचारला.

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार प्रसाधनाचे काम स्वच्छ करणे, सुशोभित करणे किंवा रूप बदलणे एवढेच आहे. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषधाच्या कक्षेत जाते. भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ मध्ये स्थापन झालेली स्वयंनियमन संस्था आहे. तिने २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सावळ्या वर्णाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, असे त्यांत म्हटले आहे. २०२१ च्या सूचनांनी समाजमाध्यमांवरील प्रभावकांना मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करणे बंधनकारक केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाचीही तरतूद आहे. चांगल्या सर्जनशील दिग्दर्शकाला हे नियम शेवटी वकिलाकडून तपासून घेण्याची बाब वाटत नाहीत. कोणता दावा सिद्ध करता येतो यावरूनच तो मोहिमेची सुरुवात करतो.

मूल्यमापन

पसंतीचे आकडे, पाहणाऱ्यांची संख्या किंवा मिळालेली पारितोषिके यांवरून मोहीम गाजली हे कळते, पण ती परिणामकारक ठरली असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी पुढील गोष्टी पाहतात : पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी किती जण डबी संपल्यावर तीच मागतात, सवलत बंद झाल्यावर खप किती घटतो, नाव झाकलेले वेष्टन किती जण ओळखतात, एक वस्तू आवडलेले गिऱ्हाईक त्याच ब्रँडची दुसरी वस्तू घेते का, आणि तक्रारी कशाविषयी येतात. तक्रारींचा रोख वस्तूवर असेल तर विपणनाचा खर्च वाढवून उपयोग होत नाही, उलट नाराज गिऱ्हाइकांची संख्या तेवढी वाढते. तक्रार नसूनही खप नसेल, तर दोष बहुधा वचनात, किमतीत किंवा विक्रीच्या ठिकाणात असतो. सर्जनशील दिग्दर्शकाला उत्पादनाच्या प्रयोगशाळेत आणि दुकानाच्या काउंटरवर दोन्हीकडे मोकळा वावर असावा, ही अपेक्षा यातूनच आली आहे.