उताऱ्याची कुळकथा

आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी अनवधानाने रोज घेतली गेली, आणि त्यातच मूत्रपिंडे निकामी असली, तर मुखातील व्रणांपासून रक्तपेशींच्या ऱ्हासापर्यंत जो अनर्थ ओढवतो, त्यावर सोलापुरातला डॉक्टर ज्या ल्युकोव्होरिनचा उतारा योजतो, त्याचे मूळ याच महाराष्ट्रात, मुंबईच्या गिरणगावात आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली ती गिरणीकामगार स्त्रियांना गर्भारपणी जडणाऱ्या घोर पंडुरोगाचा शोध घेण्यासाठी. निकृष्ट आहार हेच या व्याधीचे कारण असावे असे अनुमान बांधून तिने यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे साधे मार्माइट, त्या स्त्रियांना देऊन पाहिले, आणि त्यांचे रक्त सुधारले. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ज्या सोलापुरात ‘जुनी गिरण’ ही कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली, त्या गिरण्यांच्या शहराने तरी या अनामिक स्त्रियांचे ऋण विसरू नये.

त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक ॲसिड ठरले. आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत सिद्ध केले, आणि त्याच्याशी रूपसाम्य असलेली परंतु त्याच्या कार्यास मज्जाव करणारी द्रव्येही घडविली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांना दिले, आणि १९४८ साली त्यांतील १० मुलांना काही काळ उतार पडल्याचे नमूद केले. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड.

विष आणि उतारा अशा रीतीने एकाच कुळातले, कारण ल्युकोव्होरिन हेही फॉलिक ॲसिडचेच एक रूप. तथापि साधे फॉलिक ॲसिड येथे कामास येत नाही. ज्या एन्झाइमाच्या जकातनाक्यावरून त्याला जावे लागते, तो नाकाच मेथोट्रेक्सेटने अडवलेला असतो; ल्युकोव्होरिन मात्र नाक्यापलीकडेच दाखल होते, आणि पेशींची रसद पुन्हा सुरू होते.

परंतु मेथोट्रेक्सेटचा निचरा मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटेच होत असल्याने, ती थकली की विष रक्तात रेंगाळते, आणि मोठ्या मात्रेत दिलेले असल्यास आम्लधर्मी मूत्रात त्याचे स्फटिक बनून मूत्रपिंडे अधिकच बिघडतात. म्हणून ज्याला सोसेल त्याला सलाइन आणि सोडियम बायकार्बोनेट देऊन मूत्र अल्कधर्मी राखतात, रक्तातील औषधाचे प्रमाण वारंवार मोजतात, व त्यावरून ल्युकोव्होरिनची मात्रा ठरवितात. डायालिसिसने प्रमाण घटले तरी ऊतींत साठलेले औषध पुन्हा रक्तात उतरते. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लुकार्पिडेज हे एन्झाइम, मोठ्या मात्रेनंतर मूत्रपिंडे बिघडली असता, रक्तातील मेथोट्रेक्सेट त्वरित तोडते. परंतु ते पेशींत शिरत नाही, म्हणून ल्युकोव्होरिन चालूच ठेवावे लागते, आणि ग्लुकार्पिडेज ल्युकोव्होरिनही तोडत असल्याने दोहोंत किमान २ तासांचे अंतर राखावे लागते.