दमणचे दोन रकाने

२०२१ साली कोरोनाच्या लसीकरणात आम्हा कारकुनांनाही ड्युटी लागली होती. नावे लिहायची, ओळखपत्रे तपासायची, रांग सांभाळायची. आमच्या वाड्यावरची एक म्हातारी मावशी काही केल्या यायला तयार होईना. मी तिला आकडे सांगितले. लस घेतली तरी कोरोना होऊ शकतो, पण मरणाचा धोका खूप कमी होतो, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, आंकडे तुजे, जोर म्हाका येतलो न्ही?"

मला उत्तर सुचले नाही. नंतर प्लेगच्या इतिहासाबद्दल वाचताना एक जुना हिशेब सापडला आणि मावशी पुन्हा आठवली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. ओडेसात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

त्याच वर्षी प्लेग दमणमध्ये पोहोचला. दमण तेव्हा पोर्तुगीजांचे, कारभार आपल्या पणजीहून चालायचा. तिथे हाफकिननी टोचणीची मोहीम केली. त्यांनी मांडलेला हिशेब असा: एकूण ८,२३० लोक. लस घेतलेले २,१९७, त्यांतले ३६ दगावले. न घेतलेले ६,०३३, त्यांतले १,४८२ दगावले. म्हणजे एका रकान्यात शंभरातले दोनही नाहीत आणि दुसऱ्यात जवळजवळ पंचवीस!

आम्ही रजिस्टरे भरणारी माणसे. रकाना दिसला की बेरीज करून मोकळे होतो. पण हा दुसरा रकाना बघून माझा हात थांबला. चारांतला एक माणूस.

आता कोणी रास्त शंका काढील. लस घेणारे कदाचित जास्त सावध असतील, बऱ्या घरचे असतील. काहींनी साथीच्या मध्यावर टोचून घेतले असेल, म्हणजे तोवर ते वाचलेलेच होते. मग श्रेय लशीला किती द्यायचे? या शंकेचे उत्तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मिळाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात हाफकिननी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. पुढे ज्या घरांत प्लेग आला, तिथे लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न घेतलेले ६४ होते. त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

"लस घेऊनही आठ जणांना झालाच ना?" हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. २०२१ मध्ये तर आपण रोजच ऐकला. उत्तर त्या तीन आणि सव्वीसमध्ये आहे.

मग लोक घाबरले ते अडाणी म्हणून? मला तसे वाटत नाही. १८९७ मध्येच पुण्यात रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसून रोगी शोधत होते, माणसांना उचलून नेत होते. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. ज्या सरकारचा बूट देवघरापर्यंत येतो, त्याच सरकारची सुई दंडात कोण घेईल? उलट मुंबईत जेमतेम विशीतल्या आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत स्वतःला टोचून घेतले आणि खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. लस तीच होती.

भीतीला कारणही मिळाले. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. खापर हाफकिनवर फुटले, त्यांना पदावरून दूर केले गेले. दोष बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणाचा असावा, प्रयोगशाळेचा नव्हे, हे ठरायला १९०७ उजाडले. पाच वर्षे! परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. पण त्या १९ घरांतल्या माणसांना कोणी "लस सुरक्षित आहे" एवढेच सांगितले असते, तर त्यांनी काय म्हटले असते?

म्हणून मावशीचा प्रश्न मला आता अडाणीपणाचा वाटत नाही. आकडे खरेच असतात. ते लपवू नयेत, फुगवूही नयेत. पण ताप ज्याला येणार, त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे लागते.

मावशीने अखेर लस घेतली. माझ्यामुळे नव्हे. आमच्या भागातली नर्सबाई तिच्या सोप्यावर येऊन बसली, चहा प्याली. हात दुखेल, रात्री ताप येईल, ही गोळी घे, मी उद्या येते, असे कोंकणीत सांगितले. मी फक्त रजिस्टरात नाव लिहिले.

रात्री मावशीला ताप आला. सकाळी नर्सबाईही आली.