नकाशातला एकच रंग

उस्मानी सल्तनतीचा नकाशा वर्गात उघडला की मुले आधी रंग पाहतात. बुडापासून बसऱ्यापर्यंत, क्रिमियापासून येमेनपर्यंत आणि पश्चिमेला थेट अल्जिअर्सपर्यंत एकच रंग. मुलांची छाती फुगते. एके काळी आमचीही फुगत असे. पण इतिहास शिकवू लागलो आणि हा रंगच आम्हाला खटकू लागला.

कारण त्या रंगाखाली सगळे सारखे नव्हते. १५२६ च्या मोहाचच्या लढाईने हंगेरी खिळखिळी झाली आणि १५४१ पासून बुडाला पाशा बसला. ही थेट हुकूमत. दुब्रोव्हनिक हे चिमुकले ख्रिस्ती व्यापारी शहर मात्र वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी खंडणी देई आणि आपला कारभार आपणच पाही. क्रिमियाचे खान चंगेजखानाच्या वंशातले. ते मोहिमेला घोडदळ घेऊन येत, आणि पैसे उलट सुलतानाकडूनच त्यांना मिळत! अल्जिअर्समध्ये तर पुढे तिथले लष्करच आपला प्रमुख निवडू लागले.

मग हद्द संपे कुठे? आमच्या मते, जनावरांचे पाय थकत तिथे. सुलतान सुलेमान १० मे १५२९ ला इस्तंबूलहून निघाले. पावसाने वाटांचा चिखल झाला, अवजड तोफा मागे राहिल्या आणि व्हिएन्ना गाठेपर्यंत सप्टेंबर सरत आला. थंडी तोंडावर, दाणागोटा अपुरा. ऑक्टोबरच्या मध्यात वेढा उठवावा लागला.

समुद्रावरही मर्यादा होत्याच. १५३८ मध्ये सुलेमान पाशाचे आरमार सुएझहून वाटेत एडन घेत गुजरातेत दीवपर्यंत आले. पोर्तुगीजांचा किल्ला पडला नाही, गुजरातच्या सरदारांशीही त्यांचे जमले नाही. आरमार परत फिरले.

पूर्वेकडची गोष्ट मुलांना सांगताना आमची जीभ थोडी अडखळते. तिथे आडवे आले ते सफवी इराणचे मुसलमान बादशहा. बगदाद १५३४ मध्ये घेतले, मध्यंतरी गमावले, १६३८ मध्ये पुन्हा लढून मिळवले. दोन्ही बाजूंनी मेले ते कलमा पढणारेच. पण अडखळत का होईना, सांगतो.

आता आम्ही मुलांना कोरा नकाशा आणि तीन रंग देतो: पाशाचा मुलूख, खंडणीचा मुलूख, नावापुरता मुलूख. दुब्रोव्हनिकवर वाद होत नाही. अल्जिअर्सवर मात्र तास संपतो तरी भांडण मिटत नाही.